आपुन समदी

चिंचवडगाव,
शुक्रवार, दि. ३ ऑक्टोबर २०२५

चि. तेजस्विनी हिस आशीर्वाद.

तुझ्या आबांवरील पुस्तिकेची कच्ची प्रत मंगळवारी पोचली. गुडघे सोडले तर मी सुखरूप आहे, आणि गुडघ्यांना वाचनाशी कर्तव्य नसल्यामुळे प्रत दोन दिवसांत दोनदा वाचून झाली.

प्रथम चुका. पृष्ठ २८ वर तू लिहितेस : 'गुरुवार, १७ ऑक्टोबर १९९६ रोजी सकाळी भोसरीतील कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजला आणि बेचाळीस दिवसांचा संप संपला.' एका वाक्यात तीन दोष आहेत. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हाही असे. भोंगा वाजला तो शुक्रवारी, १८ तारखेला. संप ४ सप्टेंबरला सुरू झाला आणि बुधवार, १६ ऑक्टोबरला सायंकाळी पत्र देऊन मागे घेतला गेला. म्हणजे दिवस त्रेचाळीस. तिसरा दोष असा की 'संप संपला' हे कानाला खटकते. 'मिटला' लिहावे.

या तारखा तुला कोणी सांगितल्या ते मी विचारत नाही. मात्र त्या कामगार संघटनेचा चिटणीस मी होतो, हे पुस्तिकेत कोठेही आलेले नाही. तू मला लहानपणापासून 'पाठककाका' म्हणून ओळखतेस. कारखान्यात मला सगळे 'मास्तर' म्हणत, मी कोणत्याही शाळेत एक तासही शिकवलेला नसताना. मी टाइम ऑफिसात कारकून होतो. हजेरीपत्रके लिहीत असे, आणि सूचनाफलकावर साहेबांची मराठी लागली की तिच्यातील चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करत असे. याबद्दल मला एकदा मेमो मिळाला. मेमोतही दोन चुका होत्या.

त्या मेमोची हकीकत ऐकून तुझे आबा, रंगराव, माझ्याकडे आले. ते प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर, शिक्षण चौथी, आणि संघटनेचे नुकतेच निवडलेले अध्यक्ष. म्हणाले, "मास्तर, तुमी साहेबाच्या चुका काढता, तर आमच्या बी काढा की. आमचं अर्ज वाचून साहेब हसतोय." त्या दिवसापासून अकरा वर्षे ते सांगत आणि मी लिहीत असे.

पृष्ठ ३ वर तू त्यांना 'व्यवस्थाविरोधी नेता' म्हटले आहेस. शब्द शुद्ध आहे, पण माणसाला लागू पडत नाही. सतरंजीची कड वाकडी असेल तर सभा सुरू न करणारा मनुष्य व्यवस्थेच्या विरोधात कसा? माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा विरोध एवढ्याच गोष्टीला होता, की समोरच्याने कारण सांगायचे नाही आणि आपण ऐकायचे. 'कारण न सांगता हुकूम सोडतो त्यो साहेब' ही त्यांची व्याख्या. एकदा ती माझ्यादेखत तुझ्या आजीच्या कानावर पडली. छबूबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "मंग ह्या घरात साहेब कोन हाय, सांगा की मास्तरास्नी!" रंगरावांनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

अशा माणसांविषयी मला पूर्वीपासून कुतूहल आहे. त्यांना 'नाही' म्हणण्याची चव लागलेली असते, की 'नाही' म्हणणे त्यांनाही आपल्याइतकेच जड जाते? १९९२ साली त्यांना महापालिकेचे तिकीट देऊ करायला जीपमधून तिघे आले होते. पक्षाचे नाव लिहीत नाही. उत्तर कोणत्याही पक्षाला तेच मिळाले असते. रंगरावांनी विचारले, "निवडून आल्यावर तुमच्याच इरुद्ध बोलायचं झालं, तर माइक द्याल का?" ते तिघे मनमुराद हसले, चहा प्याले आणि गेले. मी म्हणालो, "तुम्ही हे मुद्दाम विचारलेत." ते म्हणाले, "न्हाई मास्तर. दिला असता तर उभा ऱ्हायलो असतो." मला हे खरे वाटते, पण खात्री नाही. आता नाशिक रस्त्याने जाताना खांबाखांबावर वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतात आणि प्रत्येकावर कोणी तरी 'लढवय्या' असतो. त्यांच्यापैकी कोणी असा प्रश्न विचारला असेल काय, असे मनात येते. ऱ्हस्वदीर्घही तपासतो, ही गोष्ट वेगळी.

आता पृष्ठ ३१. तेथे तू लिहिले आहेस की संप मिटवताना आबांनी सतरा कंत्राटी कामगारांना वगळून व्यवस्थापनाशी आतून तडजोड केली. त्या सतरा जणांना कामाच्या पहिल्याच दिवशी फाटकातूनच परत पाठवण्यात आले. आणि नात या नात्याने तू त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागतेस. १६ नोव्हेंबरला, आबांच्या पहिल्या स्मृतिदिनी, ती सर्व कुटुंबे भोसरीत येणार आहेत आणि हे पान तू स्वतः वाचून दाखवणार आहेस.

तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. तरीही ते पान काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'आतून' या क्रियाविशेषणाला पुरावा लागतो, आणि तो तुझ्यापाशी नाही. पुस्तिका शनिवारी, ११ तारखेला छपाईला जाणार, असे तू कळवले आहेस. तत्पूर्वी एवढे करावे. अधिक कारण देण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

तुझा,
मो. गो. पाठक

ता. क. पृष्ठ १ : 'आशिर्वाद' नव्हे, 'आशीर्वाद'.


चिंचवडगाव,
गुरुवार, दि. ९ ऑक्टोबर २०२५

चि. तेजस्विनी हिस आशीर्वाद.

तुझा मोबाइलवरील निरोप रविवारी वाचला. येथे उतरवून घेतो, कारण प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर असावे : 'काका, तारखा सुधारल्या, थँक्यू. पण पान ३१ काढा म्हणताय आणि कारण सांगत नाही. म्हणजे आबांच्या व्याख्येत तुम्हीच साहेब झालात की! आणि एक विचारायचं होतं. त्या सतरातल्या दापोडीच्या तात्याबांनी संप मागे घेतल्याच्या पत्राची झेरॉक्स दिलीय. सही आबांची आहे. अक्षर कोणाचं आहे?'

अक्षर माझे आहे.

बुधवारी, १६ ऑक्टोबरला दुपारी, संघटनेच्या खोलीत रंगरावांनी मला मजकूर सांगितला. अकरा वर्षे मी त्यांचे बोलणे दुरुस्त करून लिहिले. येथे ते बोलले तसेच लिहितो. "साहेब, आपुन समदी शुक्रवारपासनं कामावर येतो. कुनालाबी बाहेर ठिवायचं न्हाई."

एवढी दोन वाक्ये. मी पेन खाली ठेवले आणि हसलो. म्हणालो, "रंगराव, साहेबांना लिहिलेल्या पत्रात 'आपण' म्हणजे साहेब. 'आपण कामावर येतो' याचा अर्थ साहेब कामावर येतात, असा होईल." खोलीत पंधरावीस जण होते; सगळे हसले. कोणी तरी म्हणाले, "मंग येऊ द्या की राव साहेबाला बी मशीनवर!" रंगरावही हसले. "बरोबर काय ते तुमी लिवा," म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

मी लिहिले : 'आम्ही खाली सह्या करणारे कामगार शुक्रवार, दि. १८ ऑक्टोबर १९९६ पासून कामावर रुजू होत आहोत.' दुसरे वाक्य पुनरुक्ती म्हणून गाळले. 'समदी' हा शब्दही गाळला, कारण सह्या करणारे कोण ते सह्यांवरून कळतच होते. सह्या सभासदांच्या होत्या. कंत्राटी सतरा जण संघटनेच्या घटनेप्रमाणे सभासद नव्हते, म्हणून त्यांच्या सह्या नव्हत्या. संपात मात्र ते त्रेचाळीसही दिवस आमच्या शेजारी बसले होते.

रंगरावांनी कागद वाचला नाही. माझे अक्षर पाहिले आणि सही केली.

मराठीत प्रथमपुरुषाला अनेकवचनाची दोन रूपे आहेत, याचा मला नेहमीच अभिमान वाटत आला. 'आपण' ऐकणाऱ्याला आत घेते. 'आम्ही' त्याला बाहेर ठेवते. टाइम ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ कारकुनाला हे मी समजावून सांगितले आहे. रंगराव ते पत्र साहेबाला उद्देशून सांगत होते, पण पाहत होते दारातून, बाहेर बसलेल्या सतरा जणांकडे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले असते तर 'आपुन' कोणासाठी आहे ते कळले असते. मी कागदाकडे पाहत होतो.

शुक्रवारी फाटकावर पहारेकऱ्याच्या हाती पत्रावरील सह्यांवरून केलेली यादी होती. सतरा जणांना बाजूला उभे केले. त्यांच्यातले तात्याबा तेव्हा तिशीचे. ते ओरडले, "रंगराव, काय लिहून दिलंस रं?" अधिकाऱ्याने पत्र पुढे धरले. रंगरावांनी ते तेव्हा प्रथम वाचले, ओळीखाली बोट सरकवत. 'आम्ही' खाली बोट थांबले. त्यांनी मान वर करून मला शोधले. मी टाइम ऑफिसच्या पायरीवर उभा होतो. मग ते सतरा जणांकडे वळले आणि म्हणाले, "मीच लिवून दिलंय. माझी सही हाय."

तात्याबांनी त्यांना आईवरून शिवी दिली. ती मी ऐकली.

रंगराव त्या दिवशी आत गेले नाहीत, आणि नंतरही कधी गेले नाहीत. नऊ दिवस सतरा जणांबरोबर फाटकाबाहेर बसायला येत राहिले. त्या सतरा जणांनी त्यांना बसू दिले नाही. दापोडीपासून भोसरीपर्यंत ते कोठेही दिसले की लोक म्हणत, "आले बघा, 'आम्ही' आले!" वर्षअखेरीस ते छबूबाईंना घेऊन चाकणकडे आपल्या गावी परतले. पुढे कारखान्यांसाठी गावांच्या जमिनी घेण्याविरुद्ध त्यांनी जे उभे केले ते तू उत्तम लिहिले आहेस. मी त्या शुक्रवारी आत गेलो आणि २००५ साली नियत वयात निवृत्त झालो.

२००३ साली मी तुमच्या गावी गेलो होतो. कांद्याच्या वखारीजवळ आम्ही दोघेच होतो. मी विचारले, "तुम्ही माझे नाव का घेतले नाही?" ते कांदे निवडत राहिले. "न वाचता सही मारली, ती माझी चूक. तुमचा शब्द चुकला, माझं बोट चुकलं. अन् त्या दिशी तुमचं नाव घेतलं असतं, तर लोकांनी लिवणाऱ्यावर कदी भरवसा ठिवला नसता. आपल्यात लिवणारं हायेत किती, मास्तर?"

मी हे औदार्य समजून परतलो. नंतर तुमच्याच गावच्या एकाकडून कळले, की जमिनीच्या लढ्यातील प्रत्येक अर्ज रंगराव सभेत दोनदा मोठ्याने वाचून घेत. ज्याला कळला नाही त्याने हात वर करायचा, आणि हात वर असेपर्यंत सही करायची नाही. त्या काळात माझ्याकडे मात्र त्यांनी एकही अर्ज पाठवला नाही. म्हणजे लिहिणाऱ्यांवरचा लोकांचा विश्वास त्यांनी वाचवला. स्वतःचा माझ्यावरचा वाचवला की नाही? क्षमा होती की शिक्षा? की त्यांच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता आणि त्यांनी यंत्राचा एक भाग बदलावा तशी कामाची रीत तेवढी बदलली? बावीस वर्षे मी यावर विचार करतो आहे. सत्तेपुढे न वाकणारी माणसे पुष्कळ पाहिली. दोष अंगावर घेऊन पुन्हा त्याचा उच्चार न करणारा एकच पाहिला, आणि तो मला समजला असे म्हणता येत नाही.

गोष्ट एवढीच असती तर ती मी तुला पहिल्याच पत्रात लिहिली असती. शब्द चुकला हे कबूल करणे मला जड जाते, पण अशक्य नाही. एक दिवस शिल्लक राहिला आहे. पत्र बुधवारी दिले आणि काम शुक्रवारी सुरू झाले. मध्ये गुरुवार होता.

त्या गुरुवारी सकाळी दप्तरी लावण्यासाठी मी पत्राची कार्बन प्रत काढली. सवयीने वाचली. अर्ध्या मिनिटात मला कळले की सतरा जण बाहेर राहिले आहेत. 'कायम व कंत्राटी सर्व' एवढे चार शब्द घालून नवे पत्र साहेबांच्या बंगल्यावर नेऊन देता आले असते. पूर्ण दिवस हाती होता. मी सायकल काढली आणि भोसरीला रंगरावांच्या खोलीवर गेलो. त्रेचाळीस दिवसांत प्रथमच ते दुपारचे पडले होते. उठून बसले. छबूबाईंनी चहा ठेवला. रंगराव म्हणाले, "मास्तर, पत्र लई झ्याक झालं आसंल." आदल्याच दिवशी मी त्यांच्या 'आपुन'ला पंधरावीस जणांदेखत हसलो होतो. मी म्हणालो, "अक्षर चांगले आले आहे." चहा घेतला आणि निघालो.

हे मी २००३ सालीही त्यांना सांगितले नाही.

परवा, मंगळवारी, तुमच्या गावी जाऊन तुझ्या आजीला भेटलो. त्यांनी तुला सांगितले नसेल; मीच तशी विनंती केली होती. सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ठावं हाय मला. त्या गुरवारी तुमी उंबऱ्यात दोनदा चपला घातल्या अन् दोनदा काढल्या. तुमी गेल्यावर हे म्हनलं, 'मास्तराला कायतरी सांगायचं हुतं. येतील उद्या.'" मग आत जाऊन त्यांनी मला ताक आणून दिले. मी विचारले, "मग शुक्रवारनंतर त्यांनी कधी काही म्हटले?" त्या म्हणाल्या, "ते कशाला म्हनतील? वाट बघायची सवय हुती त्यास्नी."

काल दापोडीला तात्याबांकडे गेलो. कामावरून काढल्यावर त्यांनी अनेक वर्षे शेअर रिक्षा चालवली. आता मणक्याच्या दुखण्याने घरी असतात. पत्राची ती झेरॉक्स त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. मी सुरुवात केली, "तात्याबा, माझ्याकडून एक चूक झाली होती." त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"झाली? आपूआप झाली व्हय? 'केली' म्हना, मास्तर."

अठ्ठ्याहत्तर वर्षांत कोणी माझे क्रियापद दुरुस्त केले नव्हते. आणि दुरुस्ती निर्विवाद बरोबर होती. मी 'केली' म्हणालो आणि सर्व सांगितले, गुरुवारसकट.

त्यांनी प्लास्टिकमधला तो कागद मांडीवर पालथा घातला. मग म्हणाले, "फाटकावर मी त्याच्या आईचा उद्धार केला. अठ्ठावीस वर्सं वाटंत दिसला की मान फिरवली. मेला तवा मातीला बी गेलो न्हाई. आता ही शिवी मी कुठं नेऊन ठिवू, सांगा. तुमाला देऊ? तुमाला दिऊन ती त्याच्यावरनं निघंल का?" मी उठलो. निघताना त्यांनी बसल्या जागेवरूनच सांगितले, "मला एकट्याला सांगून काय उपेग? सतरातली नऊ माणसं गेली. त्यांची पोरं रंगरावाला शिव्या देतच मोठी झाली. त्यांच्याम्होरं सांगा. अन् पुस्तकात आलंय तसलं नगं. मला कळंल आसं सांगा."

म्हणून पहिल्या पत्रातील माझी सूचना मी मागे घेतो. पान काढू नकोस, बदल. 'आतून तडजोड केली' हे खोडावे. तुझी क्षमायाचनाही खोडावी, कारण ती चुकीच्या माणसाच्या वतीने आहे. त्या जागी हे पत्र तुला वाटेल तेवढे वापरावे. भाषा सुधारू नये. परवा छपाई असल्यामुळे पत्र टपालाने न पाठवता उद्या सकाळी सांगवीला तुझ्या हातात आणून देईन. दार उघडल्यावर मी चपला काढल्या तर मला आत बोलावून बसव. तशाच ठेवल्या तर पाकीट तेवढे ठेवून घे आणि काही विचारू नकोस.

पृष्ठ २८ ते ३१ वरील तारखा पुढीलप्रमाणे छापाव्यात.

४ सप्टेंबर १९९६, बुधवार : संप सुरू. सतरा कंत्राटी कामगार पहिल्या दिवसापासून सामील. ('दुसऱ्या आठवड्यात सामील झाले' हे चूक आहे.)

१६ ऑक्टोबर १९९६, बुधवार : संप मागे. रंगरावांनी 'आपुन समदी' असे सांगितले. मोरेश्वर पाठक याने 'आम्ही' असे लिहिले.

१७ ऑक्टोबर १९९६, गुरुवार : साप्ताहिक सुट्टी. पाठक याला चूक कळली. त्याने ती कोणालाही सांगितली नाही.

१८ ऑक्टोबर १९९६, शुक्रवार : काम सुरू. सतरा कामगार बाहेर. रंगरावही बाहेर. ('रंगरावांनी वर्षअखेर राजीनामा दिला' हे चूक आहे. त्यांनी त्या दिवसानंतर कारखान्यात पाऊल ठेवले नाही.)

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार : कार्यक्रमपत्रिकेत 'पृष्ठ ३१ चे वाचन : तेजस्विनी' असे आहे. तुझे नाव काढून माझे घालावे. वाचन नव्हे, मी उभा राहून सांगेन.

मोरेश्वर गोविंद पाठक
तत्कालीन चिटणीस